ठमाबाईंचा वीर

मे महिन्यात माझ्या नवऱ्याने, शेखरने हौसेने पेठकडच्या एका धरणावरचं 'तरंगतं गाव' बुक केलं. प्लास्टिकच्या पिंपांवर उभ्या केलेल्या बांबूच्या बारा झोपड्या, आणि पाहुण्यांसाठी चुलीवर नागलीच्या भाकरी थापणाऱ्या ठमाबाई. अंगावर रिसॉर्टने दिलेलं हिरवं लुगडं.

"तुमचं गाव कुठलं, मावशी?" मी विचारलं.

"तुमच्या खोलीखाली हाय ना! धरणात गेलं."

उन्हाळ्यात पाणी हटलं की बुडालेल्या गावाची कड उघडी पडते. तिथे त्यांच्या नवऱ्याचा वीर आहे. वीर म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावाने रोवलेला दगड. वर्षातून एकदा त्याला शेंदूर लावायचा, नारळ फोडायचा, घरच्या भाताचा घास ठेवायचा. पण रिसॉर्ट आल्यापासून दोन उन्हाळे त्यांना तिकडे जाऊ दिलेलं नव्हतं.

"पंधरा दिसांत पाऊस येल. तिसरं साल उपाशी ऱ्हाईल तो," भाकरी उलटत त्या म्हणाल्या.

मला राहवेना. मॅनेजर ललितला गाठून सगळं सांगितलं. तो खूशच झाला.

"अहो मॅडम, आधी का नाही बोलल्या या? आज संध्याकाळीच कार्यक्रम ठेवू!"

संध्याकाळी चिखलावर सतरंज्या, खुर्च्या. वीसेक पाहुणे, तेवढेच मोबाईल. ठमाबाईंनी एका सपाट दगडाला शेंदूर लावला, नारळ फोडला. "आजी, परत एकदा, इकडे बघून!" कुणीतरी ओरडलं. त्यांनी परत शेंदूर लावला. शेखर माझ्या कानाशी म्हणाला, "पुण्य केलंस हो." मलाही तसंच वाटलं.

सकाळी निघताना मी विचारलं, "झालं ना मनासारखं?"

त्या राखेने तवा घासत होत्या. "तो वीर नव्हता, बाई. आमचा धुण्याचा धोंडा होता तो."

"मग खरा?"

"हाय तिकडं, वरच्या अंगाला. माझ्या माणसाला तमाशात बसवू का?"

"मग आज जा ना गुपचूप. मी ललितला बोलण्यात गुंतवते."

"आता कुठली जाते? काल सगळ्यांनी बघितलं. दुसरा दगुड पुजला तर हा खोटा हे कळंल. मंग खऱ्यापुढं खुर्च्या मांडतील." तवा पालथा घालत त्या म्हणाल्या, "ललितशेटनी रोजचं लावलंय. सहाला धोंड्याची पूजा, मंग चहा-भजी."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"राहू द्या. तुम्ही बोलू नका आता कुणाला," त्या म्हणाल्या आणि पाठ फिरवून पिठाचा डबा काढायला लागल्या.