आकाशातला चुकलेला पत्ता

आमची मंजूषा एका जागी घटकाभर बसली तर मी सत्यनारायण घालीन! मी मनोरमा, तिची आई. तिचे बाबा बरखेड्याच्या कारखान्यात इंजिनिअर होते. ते गेल्यावर कारखान्याचं क्वार्टर सुटलं आणि आम्ही दोघी त्याच शहरातल्या शाहपुऱ्याला आलो. पोरीची पस्तिशी उलटली. घरातूनच लॅपटॉपवर काम करते आणि पोळीसुद्धा उभ्यानं खाते.

काम काय, तर आभाळातून रेडिओलहरींचा एक झटका येतो आणि पापणी लवायच्या आत संपतो. मग कधीतरी पुन्हा, त्याच जागेवरून. हा पाठवतो कोण, यावर दुनियाभरची शहाणी माणसं डोकं फोडतायत. मंजूनं आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या दीर्घिकेतून येणारा असा एक धरला होता. शेजारची म्हणजे त्यांच्या हिशोबानं, बरं का! तिथल्या नव्या ताऱ्यांच्या पट्ट्यात एखादा तारा लवकर मरतो, मागे जबर चुंबकाचा गोळा उरतो आणि तोच हे झटके देतो, असं तिनं छापूनही टाकलं. त्याच जोरावर पुण्याच्या एका संस्थेत पक्क्या नोकरीची मुलाखत आली. आजवर सगळं कंत्राटीच होतं. मी मनातल्या मनात सामानही बांधून टाकलं.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी सकाळी मेल आला. दूरदूरच्या दुर्बिणींनी मिळून तोच झटका पुन्हा पकडला होता, त्यामुळे जागा नेमकी कळली होती. मंजू मेथी निवडत होती. मेल वाचला, मेथी तशीच टाकली आणि घरभर येरझाऱ्या सुरू.

"आई, तो त्या पट्ट्यातून येतच नाही. पार म्हाताऱ्या ताऱ्यांच्या गुच्छातून येतोय. तिथले असे गोळे केव्हाच थंड पडलेले असायला हवेत."

"मग?"

"मोहल्ल्यात फटाका वाजला की आपण कॉलेजच्या पोरांनाच धरतो ना? मी तेच केलं. आणि वाजवत होते पेन्शनर!"

मला हसू फुटलं, पण लगेच उद्याची मुलाखत आठवली. म्हटलं, "उद्यापर्यंत गप्प बस. त्यांना कुठं कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

"आली मोठी हरिश्चंद्राची लेक!" मी तडकलेच. "परवा सांग की! तोवर काय तारे पळून जाणारेत?"

"उद्या ते मला हेच विचारणार, आई. तोंड वर करून खोटं बोलू?"

दुसऱ्या दिवशी लॅपटॉपसमोर बसून तिनं सुरुवातच केली, "माझा निष्कर्ष चुकला आहे." मी स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकत होते. मग तो झटका येतो कशातून, असं त्यांनी विचारलं. म्हणाली, "माहीत नाही." फिरवून विचारलं, तरी तेच उत्तर. मला तर जाऊन लॅपटॉपच बंद करावासा वाटला.

नोकरी दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. कळवलं त्या संध्याकाळी मी तिला वाट्टेल ते बोलले. हाती आलेलं पुणं घालवलंस, आता बस तारे मोजत, असं काय काय. ती खिडकीपासून दारापर्यंत फिरत होती. मध्येच थांबून म्हणाली,

"आई, त्या म्हाताऱ्यांच्या वस्तीत इतक्या जोरानं कोण ओरडत असेल गं?"

"मी!" मी म्हटलं. "मीच ओरडतेय केव्हाची. येतंय का ऐकू?"

मंजू खदखदून हसली. हसता हसता माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि लहानपणी रडायची तशी रडायला लागली.

"मला ती नोकरी फार हवी होती गं, आई."