पुलाच्या अंगाला बसलेली माणसं

आमच्यात माणूस मेलं की जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात. जन्मभर गळ्यात घातलेलं इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवतात, विभूती आणि मीठ घालून वर माती लोटतात. माझी बायको अशीच नदीकाठच्या आमच्या रुद्रभूमीत बसलेली आहे. खूण म्हणून बेलाचं रोप लावलेलं. महापुरानं ते नेलं आणि वर गाळ पसरला. पाणी उतरल्यावर बघतो तर सगळं सपाट. कोण कुठं बसलंय, काही कळायला मार्ग नाही.

पुढं जुना पूल पाडून नवा बांधायचं ठरलं. त्याचा रस्ता आमच्या जागेतनं जाणार होता. काठाला जुनी खापरं सापडलेली, म्हणून आधी पुरातत्त्व सर्वेची मंडळी आली. खुंट्या मारल्या, सुतळीचे चौकोन पाडले. त्यांच्या मॅडम बोलायला चांगल्या. म्हणाल्या, "बाबा, तुमच्या माणसांना आम्ही हात लावणार नाही. जागा तेवढी दाखवा. पण जे जुनं निघेल ते उचलून न्यावं लागेल."

मी वरच्या अंगाला बोट केलं. बायकोची धाकटी बहीण बरोबर होती, तिनं खालच्या अंगाला केलं.

"दाजी, बायकू कुठं बशिवली ते बी इसरलासा?"

"तू रडत हुतीस. तुला काय दिसलं?"

"रडताना डोळं फुटत न्हाईत. अक्का तिकडंच हाय."

मॅडमनी दोन्ही जागा सोडल्या आणि मधला चौकोन धरला.

कमरेइतकं खाली गेल्यावर विभूतीचे पांढरे खडे लागले. गड्यांनी खोरी टाकली आणि बाजूला जाऊन उभे राहिले. मॅडम ब्रशनं माती काढू लागल्या. आधी डोकं दिसलं, मग खांदे. गाळानं सगळं जिथल्या तिथं धरून ठेवलेलं. मान खाली, तांदूळ निवडत बसल्यागत. डावी मूठ मांडीवर, मिटलेली. भर दुपार, पण काठावर एक पाखरू ओरडत नव्हतं. तेवढ्यात पुलावरनं गगनबावड्याची गाडी गेली, जमीन हादरली आणि ते डोकं हललं. जरासंच. मागनं हाक मारल्यावर माणूस हलतं तेवढं.

मेहुणीनं माझा दंड धरला.

मॅडम म्हणाल्या, "जुनं वाटतंय. मुठीत काय आहे बघितलं की कळेल."

मला तर लगेच कळलं असतं. बायकोच्या इष्टलिंगाला हुपरीच्या चांदीची डबी होती. जंगमस्वामी नको म्हणत असतानाही आम्ही ती डबीसकट तिच्या हातात दिली होती. मूठ उघडली की संपलं. पण हातात दिलेलं लिंग कुणी काढून घ्यायचं नसतं, मग ते कुणाचं का असेना. मॅडमचा हात खाली गेला आणि माझ्या तोंडातनं निघून गेलं, "बाई, थांबा. माझीच हाय ती."

मेहुणी कानाशी लागली. "दाजी, खरंच?"

"गप."

मॅडमनी हात मागं घेतला. "नक्की ना, बाबा?"

"माझी बायकू मला वळकू येत न्हाई व्हय?"

त्यांनी माती परत घालायला सांगितली. मग म्हणाल्या, "मग असं कळवते, रस्ता खालच्या अंगानं सरकवा. तुमच्या मंडळी इथं आहेत म्हटल्यावर ती जागा मोकळीच झाली."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मेहुणीनं तोंडाला पदर लावला. आता नाही म्हणावं तर मूठ उघडणार, हो म्हणावं तर खालचं अंग खणणार. मी मान हलवली.

खाली यंत्र लागलं त्या दिवशी मी घरातच बसलो. मेहुणी गेली. आली ती सरळ न्हाणीत शिरली, डोक्यावरनं पाणी घेतलं. काय निघालं, का काहीच निघालं नाही, ते तिनं सांगितलं नाही. विचारायचं धाडस मला झालं नाही.

दर सोमवारी मी त्या मधल्या जागी बेल वाहतो, बसून घरातलं सगळं सांगतो. कोण ऐकतं ते माहीत नाही. मेहुणी पुलापर्यंत सोबत येते आणि तिथनंच म्हणते, "दाजी, तुमी जाऊन या."