स्विचवरचा सेंट्री

फौजेतून हवालदार म्हणून बाहेर पडलो आणि एका मेंटेनन्स कंपनीच्या व्हॅनवर लागलो. महाबळेश्वरपासून सांगलीपर्यंत फिरती. हॉटेलं, दवाखाने, मंगल कार्यालयं. त्यांच्या लिफ्ट, पंप, जनरेटर. जोडीला नायक तानाजी, माझ्याच गावचा, फौजेतही माझ्याच वर्कशॉपचा.

मशिनीत माणूस उतरला की मेन स्विचवर सेंट्री, म्हणजे पहारेकरी, उभा करायचा, हा आमचा फौजेतला नेम. बदली आल्याशिवाय सेंट्री जागा सोडत नाही. आधी आम्ही तिघं असायचो. कंपनीनं तिसरा माणूस काढला. साहेब म्हणाले, "मॅनेज करा." फौजेत असं बोलणाऱ्याला पाठीवर ओझं देऊन मैदानभर पळवला असता.

महाबळेश्वरचं हॉटेल. पाऊस चार दिवस थांबला नव्हता, लिफ्टखालच्या खड्ड्यात पाणी साचलेलं. लिफ्ट जागीच अडवणारा खड्ड्यातला स्टॉप स्विच गंजून गेलेला. तो बदला म्हणून दोनदा सांगितलं होतं, मॅनेजर दाद देईना. तानाजी खालच्या पार्किंगमधून खड्ड्यात उतरला. आणखी पाणी आत येऊ नये म्हणून त्यानं लिफ्टचं दार ओढून घेतलं. मी मागं जनरेटरवर होतो. वॉकीटॉकीवर विचारलं,

"तान्या, रिपोर्ट."

"मेन स्विच बंद. पाणी घोट्याच्या वर. सेंट्री हाय."

"कोण?"

"हॉटेलचा वॉचमन. वर्दीत हाय. हलू नको म्हणून सांगितलंय."

"बरं. आवर. ओव्हर."

इथंच तानाजी फसला. अंगावर वर्दी आहे म्हणजे माणूस जागा सोडणार नाही, असं फौजीच धरून चालतो. स्विच वर रिसेप्शनपाशी होता. पाहुण्यांची गाडी आली. मॅनेजर वॉचमनवर ओरडला, "अरे, बघतोस काय? छत्री घेऊन पळ!" तो पळाला. पाहुणे लिफ्टपाशी खोळंबले, म्हणून मॅनेजरनं स्वतःच स्विच चालू केला. वीज आली की ती लिफ्ट आधी सगळ्यात खाली जायची. तशी गेली.

मी तीनदा "तान्या" म्हणालो. उत्तर आलं नाही.

कंपनीनं ठरवलं, कामगाराचा निष्काळजीपणा. वॉचमनची नोकरी गेली. मॅनेजर अजून त्याच खुर्चीत बसून पाहुण्यांना या, बसा करतो. नालायक लेकाचा! त्या रस्त्यानं जाताना आजही माझं डोकं फिरतं.

आमच्या गावच्या चौकात शहीद जवानांचा स्तंभ आहे. पंधरा ऑगस्टला त्यावरची नावं मीच पुकारतो. तानाजीचं नाव कोरा म्हणालो, तर सरपंच म्हणाले, "आवं हवालदार, त्यो काय बॉर्डरवर गेलाय व्हय? लिफ्टखाली गेला."

यंदा शेवटच्या नावाशी मी थांबलो नाही. "नायक तानाजी," म्हणालो, पण हळू आवाजात. सरपंचांनी वळून बघितलं. बायकांच्या घोळक्यातून तानाजीची बायको पुढं आली.

"भावजी, मोठ्यानं घ्या की. मागं ऐकू आलं न्हाई."

मी सावधान झालो आणि परेडच्या आवाजात पुन्हा नाव घेतलं.