मास्तरांच्या कानातली शकू

वायरींच्या पेटीतून एक वायर ओढायला जावं तर चार बाहेर येतात. आमच्या ऑर्केस्ट्राच्या किश्श्यांचंही तसंच आहे. एक सांगायला बसलो की बाकीचे आपोआप येतात, आणि कुठली वायर कुठल्या माइकची तेच कळेनासं होतं! तसं मला त्या नोकरीत बरंच काही कळलं नाही. अजूनही कळलंय असं नाही.

मी साउंडवाला. पण प्रेक्षकांचा नव्हे, गायकांच्या कानातला. दोन हजार सालाच्या पुढेमागे आमचे मालक विलासदादा मुंबईहून दोन सेट घेऊन आले. कमरेला एक डबी आणि तिची वायर कानात. गायकाला त्यात काय आणि किती ऐकू यावं, ते मी विंगेत बसून छोट्या मिक्सरवर ठरवायचो. दोन सेट, दोन गायक. एक बसवराज मास्तर, गडहिंग्लजच्या भुसार दुकानदाराच्या घरातले, घरी कन्नड बोलणारे. दुसऱ्या आमच्या कोल्हापूरच्याच शकूताई. दोघंही चाळिशीकडे झुकलेले, दोघंही बिनलग्नाचे. त्यांच्या ड्युएटवरच आमच्या सगळ्यांच्या चुली पेटायच्या.

पहिला कार्यक्रम शिरोली एमआयडीसीत, एका फाउंड्रीच्या वर्धापनदिनाला. तिथल्या मॅनेजरसाहेबांनी मास्तरांच्या कानातली वायर बघितली आणि ते एकदम हळवे झाले. मास्तरांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "पावणं, च्या घेणार काऽऽ?"

मास्तर दचकले. हा भला माणूस असा का ओरडतोय, मलाही कळेना.

मध्यंतरात साहेबांनी माइक हातात घेतला. "मंडळी, ह्या कलाकाराला ऐकू येत न्हाई! तरी बगा, कसा सुरात गातोय!"

टाळ्या थांबेनात. दोनचार बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मास्तरांना शाल, श्रीफळ! मास्तर घाईघाईने म्हणाले, "अहो, मला ऐकू येतंय."

साहेब प्रेक्षकांकडे वळले. "बगा, ओठांवरनं वळकतोय!"

आता या यंत्राला म्हणायचं काय? इंग्रजी नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून आम्ही त्याला 'कानातलं' म्हणायला लागलो. मग व्हायचं तेच झालं. एकदा नवरात्रात शकूताई रडवेल्या होऊन आल्या. "संजू, माझं कानातलं हरवलं की रे!"

मी स्टेजखाली रांगत शोधलं, ढोलकीवाल्यानं खोके उपसले. शेवटी दादांनी माइकवरून सांगितलं, "शकूताईंचं कानातलं कुणाला सापडलं असलं तर आणून द्यावं. त्याबिगर गाणं हुणार न्हाई!"

पाच मिनिटांत एक आजी सोन्याची कुडी घेऊन आल्या. शकूताईंचा चेहरा फुलला. "हेच की!"

यंत्र मघापासून त्यांच्या पर्समध्ये होतं.

गाणं चालू असताना गायकांना माझ्याशी बोलता यायचं नाही, माइकवर बोललं की सगळ्यांना ऐकू जायचं, म्हणून आम्ही खुणा ठरवल्या होत्या. हात वर केला की आवाज वाढवायचा, खाली केला की कमी. एका कार्यक्रमाला नाट्यगीतं गाणारे एक जुने बुवा पाहुणे म्हणून आले. मास्तरांचा सेट त्यांच्या कानात घातला. बुवांनी तान घेतली आणि त्यांचा हात वर गेला. मी आवाज वाढवला. तान चढली, हात आणखी वर. मी आणखी वाढवला. माणूस म्हातारा, ऐकू कमी येत असेल म्हणून जरा जास्तच वाढवला. तिसऱ्या तानेला बुवांनी कानातलं उपटून फेकलं.

"कान फुटला की माझा!"

"बुवा, तुम्हीच हात वर करत होता."

"आरं, सूर वर चाललाय म्हणून हात वर! तुझ्यासाठी न्हवं!"

त्या दिवसापासून मी हात बघायचे सोडले आणि ओठ बघायला लागलो. तिथंच फसलो.

आमच्यात 'माझा आवाज' असं कुणी म्हणत नाही. 'मला वाढव', 'तिला कमी कर', असंच बोलतात. आता मास्तर एरवी शकूताईंना 'शकुंतलाबाई' म्हणायचे, तेही दुसरीकडे बघत. पण ड्युएट रंगात आलं की माझ्याकडे मान वळवून, माइकपासून तोंड बाजूला घेऊन म्हणायचे, "शकू! शकू!" मी लाजून त्यांच्या कानात शकूताईंना वाढवायचो. ते आणखी कळवळून म्हणायचे, "शकू!" मी आणखी वाढवायचो. मास्तरांचे डोळे भरून यायचे.

तीन वर्षं असं चाललं. शकू कानात असल्याशिवाय मास्तरांना गाता येत नाही, हे सगळ्या ऑर्केस्ट्राला माहीत झालं. शकूताईंनाही कळलं. त्या गजरा माळायला लागल्या आणि दौऱ्यावर मास्तरांसाठी वेगळा डबा आणायला लागल्या. मास्तर डबा खाऊन म्हणायचे, "चांगला झालाय." त्यापुढं गाडी काही सरकत नव्हती.

मग गडहिंग्लजला कार्यक्रम लागला. मास्तरांची आई, अव्वा, विंगेत माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसल्या. ड्युएट सुरू झालं. मास्तर वळून म्हणाले, "शकू!" मी शकूताईंच्या आवाजाचा फेडर, म्हणजे मिक्सरवरची सरकती कळ, वर सरकवला, तोच अव्वांनी माझ्या हातावर फटका मारला.

"एय तम्मा! साकु म्हणतोय त्यो, साकु! पुरे म्हणतोय! वाढवतोस काय?"

मी गारच पडलो. अव्वांनी मला तिथल्या तिथं कन्नडचे दोन शब्द शिकवले. साकु म्हणजे पुरे; गाण्याच्या भरात मास्तरांच्या तोंडी घरची भाषा यायची, आणि नंतर तक्रार करायचा त्यांचा स्वभाव नव्हता. बेकु म्हणजे पाहिजे. मी चिकटपट्टीवर लिहून मिक्सरला लावून टाकलं: 'साकु - पुरे, खाली. बेकु - पाहिजे, वर.'

इथवर ठीक होतं. पण मी शहाणा, परतीच्या गाडीत शकूताईंना ही गंमत सांगितली! सगळे पोट धरून हसले. शकूताई हसल्या नाहीत.

"म्हणजे तीन वर्षं ते मला पुरे म्हणत होते?"

"तुमाला न्हाई ओ ताई, आवाजाला."

"आवाज म्हणजे मीच की!"

मास्तर पुढच्या सीटवर बसले होते. त्यांनी ऐकलं, पण मागे वळून बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी शकूताईंनी दादांना सांगून टाकलं, "बावड्याचा कार्यक्रम शेवटचा. सांगलीची पार्टी बोलावत्या, तिकडं जाते." दादांनी डोक्याला हात लावला. मला तर जेवण जाईना. मी मास्तरांना गाठलं, "मास्तर, तुम्ही एक शब्द बोला की!"

"कुठला बोलू?" मास्तर म्हणाले. त्यांनाही खरंच कळत नव्हतं.

कसबा बावड्याचा कार्यक्रम. शेवटचं ड्युएट. गाण्याच्या मधल्या म्युझिकमध्ये गायकांचे माइक बाहेरच्या स्पीकरला बंद करतात, पण कानात ते चालूच राहतात. त्या वेळी कुणी काही बोललं तर फक्त तिघांना ऐकू येतं: त्या दोघांना आणि हेडफोन लावलेल्या मला.

म्युझिक सुरू झालं. मास्तर या वेळी माझ्याकडे वळले नाहीत. माइक तोंडाशीच धरून म्हणाले, "शकू."

का 'साकु'? कीबोर्डच्या गलक्यात मला कळलं नाही. माझं बोट शकूताईंच्या फेडरवर होतं. वर करू की खाली?

शकूताई प्रेक्षकांकडे बघून हसतच होत्या. ओठ फारसे न हलवता म्हणाल्या, "काय म्हणालात? पुरे म्हणालात, का हाक मारलीत?"

बासरीचा तुकडा संपला, व्हायोलिन सुरू झालं. मग मास्तर म्हणाले,

"बेकु."

शकूताईंनी विंगेत माझ्याकडे बघितलं. "बेकु म्हणजे काय रे, संजू?"

मला उत्तर द्यायची सोय नव्हती. मी चिकटपट्टी सोलून काढली आणि त्यांच्याकडे धरली.

म्युझिक संपलं. अंतऱ्याची पहिली ओळ शकूताईंची होती, पण त्या चिकटपट्टी वाचून मास्तरांकडे बघतच राहिल्या. ती मास्तरांनी गायली. दुसरीही त्यांनीच गायली.

दादा धावत विंगेत आले. "आरं, ओळ विसरली की ती! काय घातलंस तिच्या कानात?"

मी म्हणालो, "बेकु."