आईनं मऊ केलेले बूट

काल नवऱ्यानं नव्या कोल्हापुरी चपलांना एरंडेल चोळलं आणि त्या वासासरशी मी नव्वदीतल्या नाशकात, चौदा वर्षांची होऊन उभी राहिले! आंतरराष्ट्रीय बॅले स्पर्धेची निवडफेरी होती. मी हात पसरून ऐटीत अवतरले, पहिली गिरकी घेतली आणि थेट परीक्षकांच्या दिशेनं बसल्या बसल्या घसरत निघाले. तेव्हा तो वास नाकात शिरला. नवे बूट चावू नयेत म्हणून आईनं ते तळासकट तेलात मुरवले होते! उठावं तर पाय पुन्हा सरके. संगीत चालूच. आज सांगताना मी हसून लोळते. तेव्हा मात्र परदेश डोळ्यांदेखत निसटत होता.

बाहेर आले तर आई कासावीस. "फार चावले का गं बूट?"

"नाही गं आई," मी म्हणाले, "अगदी मऊ होते."