काल सकाळी आई जिवंत होती

गेलं वर्षभर मी माझी आई होतो. म्हणजे कागदोपत्री नव्हे. कागदोपत्री आईच आई होती. मी फक्त तिच्या नावाने परदेशी लोकांशी इंग्रजीत बोलत होतो. आणि आई तर जाऊन वर्ष होत आलं होतं.

हे असं का झालं ते सांगतो, त्यात माझी हुशारी पुरेपूर दिसते. चऱ्होलीत जिथे आमचं हरभऱ्याचं वावर होतं तिथे आता उंच सोसायटी आहे आणि तिच्या चौथ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. वावराच्या पैशातून, पाहुण्यांना भाड्याने द्यायला घेतलेला; आम्ही राहतो गावातल्या जुन्या घरात. बाईच्या नावाने घेतला तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट मिळते हे मला कळलं होतं, म्हणून तो आईच्या नावाने घेतला. फ्लॅट तिचा, म्हणून पाहुण्यांना घर देणाऱ्या वेबसाइटवरची मालकीण ती. म्हणून पैसे जमा होणारं खातं तिचं आणि खात्याला जोडलेला मोबाइलही तिचा. एक टक्क्यापायी मी घरात नुसता गडी होऊन बसलो.

चऱ्होलीला सुट्टी घालवायला कोण येणार, असं बायकोने तेव्हाच विचारलं होतं. येतात. चाकणच्या कंपन्यांत मशीन बसवायला आलेले परदेशी इंजिनियर हॉटेलला कंटाळतात. काम आटपलं की पुढे आठवडाभर सुट्टी जोडून घेतात, आळंदीला जाऊन घाटावर फोटो काढतात. जाहिरातीत मी 'नदीकाठची शांतता' असं लिहिलं होतं. इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगत होता तेव्हा एका बाईने फोटो पाठवून विचारलं, हा बर्फ आहे का? मी आईच्या नावाने उत्तर दिलं, 'सीझनल'.

पैसे जमा झाले की आईच्या फोनवर मेसेज यायचा. त्याला तिने देवळातल्या घंटेचा आवाज लावून घेतला होता. घंटा वाजली की वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, खोलीतून हाक द्यायचे, "आलं बघ तुझं." आई खूश व्हायची, पण अर्धवट. आळंदीच्या बाजारात जन्मभर भाजी विकलेली बाई ती. हातात नोटा पडल्या की डोळ्यांना लावायची आणि एक नाणं देणाऱ्याच्या तळहातावर परत ठेवायची. "कुनाचा खिसा पार रिकामा करू न्हाई," म्हणायची. फोनमधून येणाऱ्या पैशातलं नाणं परत कुणाला द्यायचं, ही तिची शेवटपर्यंतची अडचण होती.

ती गेली तेव्हा पुढच्या एका पाहुण्याचं बुकिंग आधीच झालेलं होतं. मी म्हटलं, हा एक जाऊ दे, मग बँकेत कळवू. मग दुसरा आला. बँकेत कळवलं असतं तर खातं गोठलं असतं, वारसाच्या कागदांचं लचांड मागे लागलं असतं, ही झाली दाखवायची कारणं. खरं कारण आप्पांच्या खोलीत होतं. आप्पा रोज सकाळी आईचा फोन चार्जिंगला लावायचे. रिचार्ज संपायच्या आत मला आठवण करायचे. घंटा वाजली की पहिल्यासारखंच म्हणायचे, "आलं बघ तुझं." आणि मग दोन घास जास्त जेवायचे. खातं बंद केलं की ही घंटा बंद होणार. ती मी कशी बंद करू?

म्हणून मी आईच्या नावाने लिहीत राहिलो. पाहुणे तब्येत विचारायचे. मी लिहायचो, गुडघे दुखतात, पण चाललंय. एकदा लिहिता लिहिता माझा हात आपोआप गुडघ्याकडे गेला. बायकोने ते बघितलं.

"अहो, सासूबाईंचे गुडघे आता तरी सोडा," ती म्हणाली.

"पाहुण्याने विचारलं म्हणून."

"पाहुण्याने विचारलं म्हणून तुम्ही लंगडताय?"

मी लंगडत नव्हतो. निदान मला तरी तसं वाटत नव्हतं.

त्यानंतरचा पाहुणा पोलंडचा. सज्जन, उंच, चाकणला पत्रा दाबायची एक प्रेस उभी करायला आलेला. त्याला मुक्काम वाढवायचा होता. वेबसाइट मध्ये कमिशन खाते, म्हणून मी त्याला (म्हणजे आईने त्याला) लिहिलं की वाढीव दिवसांचे पैसे सरळ माझ्या खात्यात पाठवा. एक टक्क्यावर शिकलेला माणूस मी, कमिशन सोडतो होय? त्याने त्याच्या देशातल्या बँकेतून पैसे पाठवले आणि इथे बँकेने ते अडवले. आईच्या फोनवर मेसेज आला: परदेशातून थेट रक्कम आली आहे, खातेदाराने सोबतच्या लिंकवर चेहरा दाखवून पडताळणी करावी, अन्यथा रक्कम परत जाईल.

पाहुण्याला मी तसं कळवलं, पण चेहरा कुठून आणणार? संध्याकाळी मी आप्पांच्या खोलीत जाऊन बसलो आणि सांगून टाकलं, "उद्या बँकेत कळवतो. आईचं खातं बंद करावं लागेल. मग मेसेज यायचे नाहीत."

आप्पा फोनकडे बघत राहिले. "बरं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी तळवड्याला कामावर गेलो. एका छोट्या युनिटमध्ये मी इन्स्पेक्शनला आहे. केसाएवढा फरक असला तरी पार्ट बाजूला काढायचा, ही माझी नोकरी. बँकेत जायला दुपारनंतर सुट्टी टाकली होती. निघायच्या बेतात असताना पोलंडवाल्याचा मेसेज आला. आईच्या नावाने येणारे मेसेज मला माझ्या फोनवरही दिसतात. त्याने लिहिलं होतं: धन्यवाद मॅडम, तुम्ही चेहरा दाखवलात, माझ्या बँकेने कळवलं की पैसे पोचले.

मी तो मेसेज पुन्हा वाचला. मी कुणालाच चेहरा दाखवला नव्हता. मी ज्या बाईच्या नावाने बोलत होतो तिने, मला न विचारता, माझ्या पाठीमागे काहीतरी केलं होतं.

देहू-आळंदी रस्त्यावर डंपरमागे गाडी दामटत घरी आलो. बायको तिच्या नोकरीवर. घरात ऊन पसरलेलं आणि चिडीचूप. आप्पांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून बाईचा आवाज आला.

मृदू, सावकाश, जरा दमलेला. काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. मग आप्पा म्हणाले, "अजून?"

दारावर हात ठेवून मी तसाच उभा राहिलो. घर माझं, बाप माझा, भरदुपार, आणि आत जायला पाय उचलत नव्हता.

आत आप्पा एकटेच होते. थंडीमुळे डोक्यावरून टॉवेल घेतलेला, त्याचं टोक हनुवटीखाली खोचलेलं. मांडीवर आईचा फोन.

"कोण बोलत होतं?"

"ती."

"आप्पा."

"फोनात बोलली की. सकाळी बी बोलली. आता पुन्यांदा आवाज यतोय का म्हून दाबलं." त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. "सकाळी म्हनली, डोळं मिट. मिटलं. म्हनली, डावीकडं बघ. बघितलं. मंग म्हनली, हस."

"मग?"

"हसलो. तिनं सांगितल्यावर न्हाई कसं म्हनायचं?"

स्क्रीनवर हिरवी खूण होती. पडताळणी यशस्वी. चेहरा जुळला.

मी लगेच स्वतःला समजावलं, कारण समजावण्यात मी पटाईत आहे. त्या लिंकमध्ये सूचना देणारा बाईचा आवाज असतो. मराठीतही असतो. आप्पांनी मेसेजवर बोट ठेवलं, कॅमेरा उघडला, आवाजाने सांगितलं तसं त्यांनी केलं. मीसुद्धा त्यावर बोट ठेवून बघितलं. 'प्रक्रिया पूर्ण झाली आहे' असं एक बाई म्हणाली. आवाज आईचा नव्हता, हे मी आजही सांगतो. फक्त 'आहे' म्हणताना शेवटी जरा खाली उतरला. आईचा तसाच उतरायचा.

पण चेहरा? तो कसा जुळला?

मृत्यूचा दाखला घेऊन मी दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो. काउंटरवरच्या मुलीने नंबर टाकला, दाखला बघितला, पुन्हा स्क्रीन बघितली.

"सर, आई काल तर जिवंत होत्या."

"त्या गेल्या वर्षी वारल्या."

"सिस्टीममध्ये लाइव्ह पडताळणी झालीय ना पण. काल सकाळी. डोळ्यांची उघडझाप केलीय, हसल्यात."

"ते माझे वडील."

तिने माझ्याकडे असं बघितलं की वाटलं, मीच वारलो असतो तर बरं झालं असतं. "सर, वडिलांचा चेहरा आईंच्या फोटोशी कसा जुळेल? सिस्टीम घेतच नाही." मग आवाज खाली आणून म्हणाली, "हे बघा," आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

टॉवेलची कड कपाळावर पदरासारखी आलेली. गाल बसलेले. आणि ओठ मिटून, डावा कोपरा जरासा वर करून केलेलं हसू. आईचा पुढचा दात लहानपणी तुटला होता, त्यामुळे ती जन्मभर तशी हसायची. आप्पा तसे कधी हसलेले मला आठवत नाहीत. मुळात आप्पा हसायचेच कमी.

"ह्या आई नाहीत, असं लिहून द्यावं लागेल," मुलगी म्हणाली. "खाली सही करा."

टॉवेल आमच्या घरचा होता, मागे आप्पांच्या खोलीची खिडकी होती. सगळं मला ठाऊक होतं. तरी पेन कागदावर टेकवून मी बसून राहिलो. जन्मभर केसाएवढा फरक शोधणारा मी, आणि स्क्रीनवर फरक सापडेना. शेवटी स्क्रीनकडे न बघता सही केली. खातं गोठलं. पोलंडवाल्याचे पैसे आले तसे परत गेले.

घरी येऊन आप्पांना सांगितलं, "झालं. आता घंटा वाजायची नाही."

"बरं."

"तुम्हाला चालेल?"

"आरं, ती गेली ते मला ठाऊक हाय. मी काय येडा हाय? मीच तर खांदा दिला." त्यांनी फोनची वायर काढली. "तू तिच्या नावानं लिव्हत बसायचास. गुडघं धरून चालायला लागलास. मला वाटलं, पोराला आजून लागतीय ती. म्हून चालू ठिवला."

  मग आप्पा उठता उठता म्हणाले, "पन आवाज तिचाच व्हता हां. तो न्हाई म्या बनवला."

त्या संध्याकाळी पोलंडवाल्याला मी माझ्या नावाने पहिला मेसेज लिहिला. आई वारली आहे, आजवर मीच लिहीत होतो, माफ करा.  त्याने एवढंच विचारलं, घरी येऊन पैसे दिले तर चालेल का?

आला तो. जायच्या दिवशी दुपारी, बॅगा टॅक्सीत ठेवून. चपला बाहेर काढल्या, वाकून आत आला, पाकीट कुणाला द्यायचं ते त्याला कळेना, म्हणून घरात सगळ्यात म्हातारं कोण ते बघून आप्पांच्या हातात दिलं. आप्पांनी नोटा डोळ्यांना लावल्या. मग सदऱ्याच्या खिशात हात घालून एक नाणं काढलं आणि त्या माणसाच्या तळहातावर ठेवलं. आई हे करायची तेव्हा आप्पा तिला हसायचे. स्वतः त्यांनी कधी केलं नव्हतं.

पाहुण्याने नाणं मुठीत धरलं. भिंतीवर आईचा हार घातलेला फोटो आहे, तो त्याने बराच वेळ बघितला. मग आप्पांकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे. त्याने आईला कधीच पाहिलं नव्हतं. मला हळूच विचारलं, ह्या यांच्या जुळ्या बहीण का?

मी आप्पांना मराठीत सांगितलं तो काय म्हणतोय ते. आप्पा हसले. ओठ मिटून, डावीकडून जरासे वर.

तेव्हा मी फोटोकडे बघितलं नाही. दोन्हीकडे एकदम बघायची माझी अजून हिंमत होत नाही.