शिकारीचा सीझन

ओहायोतल्या आमच्या डब्लिनच्या मराठी ग्रुपमध्ये जवळजवळ सगळे आयटीतले. पॉटलकच्या जेवणाला किस्से निघतात ते मॅनेजरचे, नाहीतर ऐन लाँचला झोपलेल्या सर्व्हरचे. माझी पाळी आली की सुलभाकाकू म्हणतात, "तुझा किस्सा जेवणं झाल्यावर सांग गं." मी काउंटीच्या जुन्या खुनांच्या टीममध्ये आहे, पुरावे पुन्हा तपासते. त्यामुळे माझे किस्से नुसते साठत जातात. त्यातले कॅल्विनच्या केसचे आज सांगून टाकते.

*

नोकरीला लागले त्याच आठवड्यात आमचा डिटेक्टिव्ह हँक याने माझ्या टेबलावर एक खोकं आणून ठेवलं. कॅल्विन हा काळा मुलगा, वीस वर्षंही पूर्ण नव्हती, एका डायनरमध्ये स्वयंपाकी. गाडी बंद पडली म्हणून कामावरून चालत घरी निघालेला. मागून पिकअप आला आणि आतून कोणीतरी रायफल झाडली. माझ्या जन्माच्याही आधीची गोष्ट. तेव्हाच्या पोलिसांनी शेरा मारला होता, 'शिकारीतला अपघात'.

मी तारीख बघितली. "हँक, तेव्हा शिकारीचा सीझनच नव्हता."

"काही लोकांचा वर्षभर असतो," तो म्हणाला आणि कॉफी आणायला गेला.

*

कॅल्विनची धाकटी बहीण, मिस डॉरथी, कोलंबसला राहतात. आम्ही गेलो तेव्हा त्यांनी जाळीचं दार उघडलंच नाही.

"दर काही वर्षांनी पोलीस येतात, त्याचा फोटो मागून नेतात. परत कोणी आणून देत नाही. तुम्हालाही फोटोच हवाय ना?"

हँक म्हणाला, "नको. तुम्ही बोलाल तेवढं ऐकायचंय."

मग आत घेतलं. मी कुठली, ते त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नागपूरची, इंडियातली.

"इथे रस्त्याने एकटी चालताना मागून गाडी आली, तर वळून बघतेस?"

"बघते."

"मग तू फाइल नीट वाचशील."

*

कॅल्विनला मारलं ते गाव छोटं. तेव्हाचे जेवढे म्हातारे उरलेत, त्या सगळ्यांना आम्ही भेटलो. कोणालाच काही आठवत नव्हतं. एका गृहस्थांनी त्या दिवशीची हवा सांगितली, हायस्कूलची मॅच कोण जिंकलं ते सांगितलं, डायनरमध्ये गोडाला कुठल्या फळाची पेस्ट्री होती तेही सांगितलं.

"आणि पिकअप कोणाचा होता?"

"पोरी, वयाबरोबर स्मरणशक्ती जाते गं."

*

खोक्यात काडतुसाची रिकामी पुंगळी होती, पण जुळवायला रायफल नव्हती. संशय ज्याच्यावर होता त्या डेलची घटस्फोटित बायको शर्ली हिला शेवटी हँकने शोधून काढलं. तिने चहाचा कप खाली ठेवत सांगितलं, "रायफल त्याने विकली नाही. बेसमेंटमध्ये भिंतीला टांगलीय. पाहुण्यांना दाखवायचा."

वॉरंट घेऊन गेलो. खरंच टांगलेली होती. लॅबमध्ये पुंगळी जुळली.

नंतर मी शर्लीला विचारलं, "तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. चौकशीला आलेल्या पोलिसाला."

"मग?"

"तो माझा दीर होता."

*

डेलला अटक झाली त्याचा व्हिडिओ न्यूजवर आला. नाकात ऑक्सिजनची नळी, अंगात स्वेटर. माझी मुलगी रिया सोफ्यावरून म्हणाली, "आई, ही लुक्स लाइक समबडीज ग्रँडपा."

"आहेच," मी म्हटलं. "अटकेच्या वेळी नात मांडीवर होती."

तिने टीव्ही बंद केला.

*

डेलने गुन्हा कबूल केला. शिक्षा सुनावण्याआधी जजने मिस डॉरथींना बोलायची परवानगी दिली. सरकारी वकिलांनी त्यांना भाषण टाइप करून दिलं होतं. ते त्यांनी खुर्चीवरच ठेवलं आणि काठी टेकत पुढे गेल्या.

"मला एकच विचारायचंय. माझ्या भावाचं नाव काय?"

कोर्टाच्या क्लार्कने आरोप वाचताना ते नाव थोड्याच वेळापूर्वी मोठ्याने वाचलं होतं. डेलने जजकडे बघितलं. मग खाली, स्वतःच्या हातांकडे. मग आपल्या वकिलाकडे. वकील त्याच्या कानाशी वाकला.

मिस डॉरथींनी हात वर केला. "त्यांना नाव सांगू नका," त्या म्हणाल्या, आणि जागेवर जाऊन बसल्या.